हरकाम्या आणि तुझं डावं बोट

प्रिय काटेकोर,

खरं तर पाळी तुझी होती. मागचं पत्र माझं होतं आणि त्यातल्या चुका तू अजून कळवलेल्या नाहीस, म्हणजे नियमाने मी गप्प बसायला हवं. पण नियम मोडून आज सकाळीच पाटी आणि टोचणी घेऊन बसले आहे. रविवार आहे. खाली कुणीतरी गाडी धुतंय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाटीखाली मी टॉवेल घातलाय, कारण मी ब्रेल लिहायला घेतलं की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. त्यांना वाटतं, मी फळीला खिळे ठोकते. एकदा मी त्यांना सांगितलं की पत्र लिहितेय, तर त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा खिळे बरे. पत्र लांब होणार आहे. अंगठा आत्ताच कुरकुर करतोय, तेव्हा पुढे पुढे ठिपके उथळ लागले तर समजून घे आणि टोमणे मारू नकोस.

तू औषधाला नाही म्हणालास हे मला कळलं. तुझी बायको भेटायला आली होती. ते सगळं सांगेनच, पण आधी तुझी बाजू मला बरोबर समजली आहे का ते बघ. हाडांच्या मज्जेतला कर्करोग परत आलाय. जुनी औषधं आता त्याला ऐकेनाशी झालीत. उरलंय ते एकच औषध, मी काम करते त्या प्रयोगशाळेत जन्मलेलं. ते घेतलंस तर बरीच वर्षं मिळतील अशी डॉक्टरांना आशा आहे. नाही घेतलंस तर त्यांनी पुढचं वर्ष धरलेलंच नाही. आणि औषधाची किंमत अशी, की ते बोटांची टोकं बधिर करतं. डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला ही किंमत फार नाही. शर्टाची बटणं लावायला त्रास होतो, चहाचा कप हातातून निसटतो, एवढंच. तुझं मात्र सगळं वाचन त्या टोकांवर आहे. म्हणून तू नाही म्हणालास, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर शेवटचं विचारतील तेव्हाही नाहीच म्हणणार आहेस. मला राग आला नाही. आधी विज्ञानाचं सांगते, मग माझं.

आपली ओळख एका प्रथिनावरून झाली हे तू विसरला असशील. मी शिकत होते, हातखर्चाला पैसे नव्हते, आणि तुमच्या ब्रेल छापखान्यात मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवायला डोळस माणसं हवी होती. कोपऱ्यातली ती खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. मी स्वल्पविराम, पूर्णविरामासकट वाचायचे आणि तू छापलेल्या ठिपक्यांवरून बोटं फिरवायचास. डाव्या हाताचं पहिलं बोट वाचायचं, उजवा हात पुढची ओळ शोधून ठेवायचा. चूक सापडली की उजवा हात वर. पहिल्या आठवड्यात तो हात वर गेला की मी ओळ पुन्हा सुरुवातीपासून बघायचे. मला वाटायचं, मीच काहीतरी चुकीचं वाचलं. एके दिवशी शाळेचं जीवशास्त्राचं पुस्तक होतं. मी वाचलं, प्रत्येक प्रथिनाला पेशीत एक ठरावीक काम असतं, पूर्णविराम. तुझा हात वर. मी विचारलं, ठिपका चुकला का? तू म्हणालास, ठिपके बरोबर आहेत, वाक्य घशाखाली उतरत नाही. आपल्याकडे चहा आणणारा मामाच पुस्तकं शिवतो, यंत्राला तेल घालतो, साहेब नसले की पार्सलं सोडवून घेतो. पेशीत एवढी सुबत्ता आहे का, की एकाला एकच काम?

वाक्य बदलायचा आपल्याला अधिकार नव्हता, तेव्हा ते तसंच छापलं गेलं. मीही परीक्षेत तेच लिहून गुण मिळवले. आणि मग अख्खं आयुष्य अशा एका प्रथिनात घातलं, ज्याला कामं किती हे आम्हाला अजून धड सांगता येत नाही. त्याचं शास्त्रीय नाव टोचायला अर्धी ओळ खर्ची पडते, म्हणून मी त्याला त्या मामाची आठवण ठेवून हरकाम्या म्हणते. प्रयोगशाळेतही आता सगळे तेच म्हणतात. नव्याने आलेल्या मुलीने परवा भर बैठकीत पाहुण्यांसमोर हरकाम्या म्हटलं आणि आमचे साहेब खोकत बसले.

तू तेव्हा मला अहो-जाहो करायचास. तुझ्याशी काहीतरी वेगळं बोलायचं होतं म्हणून मी गुपचूप ही लिपी शिकले. कागद उलटा टोचायचा असतो, उजवीकडून डावीकडे, म्हणजे पालटला की सरळ वाचता येतो, हे पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी घाईत ते पान सोडलं. दीड पान भरून पत्र टोचलं, तेही सरळ डावीकडून उजवीकडे, आणि तुझ्या टेबलावर ठेवून पळाले. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, तुमचं पत्र आरशात बघून वाचावं लागणार, आणि आरसा म्हणजे काय हे मला फक्त ऐकून माहीत आहे. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण तू ते सगळं वाचलं होतंस. उलट्या क्रमाने, एकेक अक्षर मनात पालटून. त्याच दिवसापासून मी घाईबाई झाले आणि अहो-जाहो संपलं.

आता हरकाम्याचं. पेशीत तयार होणारं कुठलंही प्रथिन सुरुवातीला नुसता लांबलचक धागा असतो. त्याची नीट घडी बसली तरच ते कामाला येतं. हरकाम्या ती घडी बसवून देतो. ताप चढला, विष गेलं, प्राणवायू कमी पडला, की विस्कटलेल्या घड्या पुन्हा नीट करतो. हाच गडी पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांच्या दुरुस्तीला हातभार लावतो. हाच पेशीच्या बाहेरच्या अंगाला उभा राहून शरीरात रोगावर गस्त घालणाऱ्या पेशींना सांगतो की इथे सगळं ठीक आहे, पुढे चला. कर्करोगाच्या पेशीत तर चुकांचा बुजबुजाट असतो. एवढ्या चुका घेऊन तिने आपणहून मरायला हवं. ती मरत नाही, कारण हरकाम्या तिच्याही घड्या घालून देतो, तिच्याही दारात उभा राहून सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. त्याला आपला-परका कळत नाही, काम दिसलं की तो करतो. निरोगी पेशी त्याच्याकडून गरजेपुरतं करून घेते, आजारी पेशी रात्रंदिवस राबवते. औषध त्याचे हात बांधतं. मग जी पेशी त्याच्याच जिवावर उभी आहे ती आधी कोसळते. तुझ्या मज्जेतल्या पेशी त्या जातीच्या आहेत. मी तुझे अहवाल पाहिलेले नाहीत, पाहायचा मला हक्कही नाही, पण तुझ्या डॉक्टरांनी हे औषध सुचवलंय त्याअर्थी तपासूनच सुचवलं असणार.

बोटांचा प्रश्न माझा आहे, म्हणजे तो शोधला मी. सगळे आजारी पेशींच्या मागे लागलेले असताना मला चेतापेशींवर बसवलं होतं, कारण ते काम कुणालाच नको होतं. चेतापेशीचं मुख्य घर पाठीच्या कण्यालगत असतं आणि तिचा एकच धागा पार बोटाच्या टोकापर्यंत जातो. टोकाला लागणारं सगळं सामान घरात तयार होतं आणि त्या धाग्यावरून पाठवावं लागतं. ते पोचवणाऱ्यांत हरकाम्याही आहे. म्हणजे दहा कामं झाली होतीच, हे अकरावं. काचेच्या ताटलीत मी अशा पेशी वाढवल्या आणि औषध घातलं. पेशी मेल्या नाहीत. धागे मात्र टोकाकडून मागे यायला लागले. जेवढा धागा लांब तेवढा लवकर. शेवटच्या थांब्यावरची बस बंद झाली की तिथल्या लोकांची पंचाईत होते, जवळचे चालत जातात, तसंच. मी हे बैठकीत मांडलं तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. आता औषधाचा बोजवारा उडतो की काय, असं सगळ्यांना वाटलं. पण औषध थांबलं नाही, थांबायला नकोच होतं. त्याच्या माहितीपत्रकात एक वाक्य वाढलं, हातापायांची टोकं बधिर होऊ शकतात. मी लिहिलेलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं वाक्य ते असेल. ते लिहिताना माझ्या मनात तू नव्हतास, हे मला आता चमत्कारिक वाटतं. माझ्या ओळखीत बोटांवर जगणारा तू एकटाच आहेस, आणि तरी नव्हतास.

औषध बंद केल्यावर धागे परत वाढतात का, असं तू विचारशील. ताटलीत कधी वाढतात, कधी नाही. माणसांत काहींची बोटं हळूहळू सुधारली, पुष्कळांची नाही. अर्धी मात्रा घेऊन अर्धी बोटं शाबूत राहत नाहीत, अर्धाच आजार बरा होतो. एखादं बोट वगळा म्हणून सांगायचीही सोय नाही, तू कुठल्या बोटाने वाचतोस हे औषधाला कळत नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही. तुझी बोटं जातील असंच धरून चाल.

तुझी बायको आली ती शाळा सुटल्यावर, खांद्याला वह्यांची पिशवी अडकवून. मी तिला फोटोतही पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं. बाहीला खडू लागलेला होता, आणि गणिताची बाई आहे एवढं तू लिहिलं होतंस. प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाला आत नेता येत नाही, म्हणून आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसलो, पाण्याच्या यंत्राशेजारी. तिने सरळ विचारलं, तुम्ही सांगा, घ्यायचं की नाही? औषध करणाऱ्यांनी कुणाही आजारी माणसाला सल्ला देऊ नये असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. मी तिला तेच सांगितलं. नफा-तोटा डॉक्टर समजावतील, निर्णय रुग्णाचा. सांगताना मला माझीच लाज वाटली. ती शिक्षिका आहे. पाठ केलेलं उत्तर तिला लगेच ओळखू आलं. ती म्हणाली, बरं. मग तुझ्याबद्दल बोलत बसली. रक्त काढणारी मुलगी बोट टोचायला आली की तू डावं पहिलं बोट मुठीत लपवतोस आणि करंगळी पुढे करतोस, हे तिने सांगितलं. तू नाही म्हणताना काय म्हणालास तेही सांगितलं. ऐकणं म्हणजे कुणीतरी घास भरवणं, वाचणं म्हणजे आपल्या हाताने जेवणं, आणि उरलेलं आयुष्य मला भरवून घ्यायचं नाही. हे सांगताना तिचा आवाज चढला. ती म्हणाली, मी भरवीन ना, मला काय धाड भरलीय? मग डोळे पुसले आणि यंत्रातून पाणी घेतलं.

मला ती आवडली. हे तुला लिहायला थोडं अवघड जातंय, पण टोचलेलं खोडता येत नाही. आपलं जे जमलं नाही ते कुणाच्या चुकीने नाही. मला दूरच्या शहरात काम मिळालं, तुला तुझा छापखाना सोडायचा नव्हता, आणि दोघांनीही दुसऱ्याला ये म्हणून म्हटलं नाही. रडारड झाली नाही. पत्रं तेवढी चालू राहिली. पुढे मी या शहरात परत आले तरी आपण भेटलो नाही, पत्रंच बरी वाटली. वर्षाकाठी दोनतीन. त्यांत लपवण्यासारखं काहीच नसतं. माझ्या ताटल्या, तुझे लेखक, माझ्या चुका. कुणीही वाचावं असं असतं सगळं. तरी तुझा लिफाफा आला की मी तो लगेच उघडत नाही, आधी ओट्यावरची भांडी घासून घेते आणि हात पुसते. आणि तुझं पत्र मी डोळ्यांनी वाचत नाही. मला बोटांनी वेगात वाचता येत नाही हे तुला माहीत आहे, पण तुझ्या पत्रापुरती मी दिवा लावत नाही. हे मी तुला कधी सांगितलेलं नव्हतं.

तुझं घास भरवण्याचं म्हणणं मला पटतं. बोलणाऱ्या फोनमधली ती बाई तुला कवितेचं पुस्तकसुद्धा बँकेच्या निरोपासारखं वाचून दाखवते, हेही खरं. पण तू मरण आणि वाचन यांची तुलना करतोयस तिथे तुझं गणित चुकतंय, आणि घरात गणिताची बाई असताना चुकतंय. तू गेलास तर वाचन राहत नाही. मग तू वाचवतोयस काय? तुझ्यासारखा माणूस एका वाक्याला अडून उजवा हात वर करतो आणि त्याच्यामागे सगळं पुस्तक थांबून राहतं, हे मी बघितलंय. या वेळी वाक्य तुझं आहे आणि हात मी वर केलाय.

आता हे पत्र का लिहिलं ते. त्या दिवशी ती निघाली, लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, तुम्ही त्याला लिहा. तुमच्या त्या लिपीत, मला येत नाही त्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी पुढे म्हणाली की इतक्या वर्षांत शिकता आली असती, मुद्दाम शिकले नाही, घरात त्याची एक खोली असावी जिथे मी जात नाही. मी तिला पुन्हा लिफ्टपर्यंत सोडलं. तर तिच्या परवानगीने मी त्या खोलीत आले आहे, आणि जे त्या बाकावर तिच्या तोंडावर बोलता आलं नाही ते इथे सांगते. तुला वाटलं असेल, बधिरपणा सगळीकडेच येतो. तसं नाही, लांबचे धागे मागे येतात, जवळचे टिकतात. ओठांची नस मेंदूच्या पायथ्याशी निघते, तिला फार लांब जायचंच नसतं. तसले आखूड धागे औषधातही शाबूत राहतात, हे मी स्वतः पाहिलंय, आणि आजवर ज्यांनी औषध घेतलं त्यांच्यापैकी कुणाचे ओठ बधिर झाल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. हात गमावलेली माणसं ओठांनी ठिपके वाचतात. मी करून बघितलं. दार लावून, डोळे मिटून, चार शब्द टोचले आणि ओठांना लावले. पहिल्या दिवशी नुसता कागद ओला झाला. काल एक अख्खा शब्द लागला. तू माझ्याहून लवकर शिकशील, आणि बोटं आहेत तोवरच शिकायला लाग, म्हणजे चूक झाली तर ती पडताळून बघतील. औषध घे. मी नियम मोडून सांगतेय, घे. पुस्तकं ओठांनी वाच, मुद्रितं ओठांनी तपास, छापखान्यातल्यांना हसायचं तेवढं हसू दे. फक्त माझी पत्रं नकोत. तुझ्या घरात, ती समोर वह्या तपासत बसलेली असताना, मी टोचलेला कागद तुझ्या ओठांशी असेल, असं काही मला पाठवता यायचं नाही. तिने ज्या विश्वासाने ती खोली उघडून दिली त्याचा एवढा मान मला ठेवायचाय. पत्रांवाचून मला राहता येईल. तू कुठेच नसलास तर येणार नाही. म्हणून हे शेवटचं आहे. सावकाश वाच, घाई माझी असते, तुझी नाही. आणि हे बोटांनीच वाच.

तुझीच,
घाईबाई